बारव दाखवण्याचा कार्यक्रम

चिपळूणला परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "वेरूळ कसं वाटलं?" वेरूळ मी पाहिलं नाही. गाडी वेरूळच्या अगदी दारावरून गेली, तेव्हा माझा धाकटा भाऊ सुधीर म्हणाला, "येताना बघू." येताना आमच्यापैकी कोणीही काही बघण्याच्या स्थितीत नव्हतं. तेव्हा लेण्यांबद्दल वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडे वाचावं. पुस्तकं पुष्कळ आहेत.

आम्ही गेलो होतो घर बघायला. मुलाकडचे येऊन मुलगी बघून जातात, त्यांना ती पसंत पडली की मुलीकडचे जाऊन मुलाचं घर बघतात. मुलगी म्हणजे माझी भाची मुक्ता, सुधीरची एकुलती एक. ती पुण्याला असते. पडायला आलेल्या जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढणं हा तिचा धंदा. मुलगा अमोल, तिकडच्या शहराच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. त्याचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडे, एका फाट्यावरून आत. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर टँकर मंजूर करणारे वाचतील.

भावजयीचे गुडघे धड नाहीत, म्हणून तिच्या जागी मी. शिवाय माझ्या डोळ्यांवर घरातल्यांचा भरवसा आहे. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि परीक्षेची चित्रं तपासली. प्रमाणाला तीस, रेषेला तीस, रंगाला तीस, स्वच्छतेला दहा. बेरीज केली की चित्र किती सुंदर ते कळतं. "ज्याची त्याची नजर असते हो" असं म्हणणारे पालक निकालाच्या दिवशी यायचे, आणि त्यांची मुलं हमखास नापास झालेली असायची.

ते वर्ष दुष्काळाचं होतं, सलग दुसरं की तिसरं. आमच्याकडे पाण्याबद्दल तक्रार करायची ती घरात शिरलं म्हणून. त्यामुळे सुधीरनं दुष्काळाचा धसकाच घेतला होता. त्यानं मुलाचा पगार विचारला नाही, पत्रिका बघितली नाही. मुलाच्या वडिलांना, आप्पांना, फोन करून एकच विचारलं, "तुमच्या गावाला बारव आहे म्हणे. तिला उन्हाळ्यात पाणी असतं ना?" बारव म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. पलीकडून आप्पा म्हणाले, "असतंय की."

"असतंय म्हणाले," सुधीर आम्हाला म्हणाला. "आपण बघू. पाणी असलं तर होकार, नसलं तर नकार. त्यावर चर्चा नको."

"अरे, पण पोरगा शहरात राहतो!"

"शहराचं पाणी पालिकेच्या हातात, गावचं विहिरीच्या. दोनातला एक तरी हात भक्कम पाहिजे, ताई."

विम्याच्या ऑफिसात जन्म गेलेला माणूस.

पहिला दिवस : शहर

शहराची पाटी तेव्हा औरंगाबादची होती. या शहराला दरवाजे फार. भिंत बरीचशी गेलेली आहे, दरवाजे राहिलेत, आणि त्यांच्यातून रिक्षा, दुचाक्या, उसाचा रस काढायचा गाडा असं सगळं एकाच वेळी आत जातं आणि बाहेर येतं. दार लावायची सोय नाही. कमानी मात्र प्रमाणात आहेत. तीसपैकी सव्वीस.

अमोल न्यायला आला होता. उंच, सावळा, कमी बोलणारा, आणि बोलायच्या आधी कान खाजवणारा. त्यानं आम्हाला त्याच्या फ्लॅटवर नेलं. शहर त्या बाजूला नुसतं सुटलं होतं. कालपर्यंत जिथं बाजरी होती तिथं आज चार मजले, आणि पुढच्या माळावर चुन्याच्या रेघा मारून ठेवलेल्या. अमोलच्या इमारतीचं नाव 'गंगासागर'. शेजारची 'जलतरंग', त्यापलीकडची 'निर्झर'. तिन्हींच्या समोर एकच टँकर उभा होता आणि तिन्हींतली माणसं पाइप घेऊन त्याला लटकली होती.

"नळाला पाणी कधी येतं?" सुधीरनं विचारलं.

अमोलनं कान खाजवला. "येतं, काका. वार नक्की नसतो."

सुधीर बाथरूममध्ये जाऊन निळे पिंप मोजून आला. माझ्या हातून तिथं एक घोटाळा झाला. चहाआधी मला पेलाभर पाणी दिलं, मी सवयीनं निम्मं प्यायले आणि उरलेलं गॅलरीतल्या कुंडीत ओतायला गेले. कुंडी कडेला होती, पाणी खाली गेलं. खालून एक बाई ओरडली, "कोन हाय रं ते माजुरडं?" अमोल म्हणाला, "काही नाही आत्या, होतं असं." पण त्यानंतर मला पेला अर्धाच भरून मिळाला.

संध्याकाळी तो आम्हाला जुन्या शहरात नान-खलिया, म्हणजे रोटी आणि मटणाचा रस्सा, खायला घेऊन गेला. मोठ्या देगीतला रस्सा लालभडक. मी दुकानदाराला विचारलं, "भाऊ, फार तिखट आहे का हो?"

तो म्हणाला, "आपा, दिखने में तीखा है. खाने में नक्को डरो." खरंच तिखट नव्हता. रंगाला पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवरताना मी मुक्ताला पैठणी नेसायला लावली. ती कुरकुरली. "आत्या, घर आपण बघायचंय ना? मग मी कशाला नटू?"

"घर तू बघतेस, तुला गाव बघतं. निऱ्या नीट घे."

निऱ्या घेता घेता तिनं मला फोनवर एक फोटो दाखवला. एका कोरड्या विहिरीचा तळ, दगडी भिंत, भिंतीत कोनाडा, आणि कोनाड्यात कोरलेली एक बाई. चेहरा झिजून गुळगुळीत झालेला. एक हात वर उचललेला, पण तो मनगटाशीच तुटलेला.

"ही त्यांच्या बारवेत आहे, खालच्या कुंडात. एरवी पाण्याखाली असते. फक्त दुष्काळात दिसते."

"प्रमाण चुकलंय," मी म्हटलं. "हात लांब झाला."

"आत्या, ऐक ना गं. बाकीच्या मुलांनी मला स्वतःचे फोटो पाठवले. गाडीला टेकलेले, धबधब्याखाली उभे राहिलेले. यानं हिचा पाठवला, आणि खाली लिहिलं, 'हिच्या हातात काय असेल?' तीन महिने आम्ही तेवढंच बोलतोय. मला या माणसाशी लग्न करायचंय. आणि तिथं बाबांना पाणी बघायचंय."

मी निऱ्या खोचून दिल्या. फोटो गेल्या वर्षीचा होता. बारवेत पाणी नसलं तर सुधीर नाही म्हणणार, हे उघड होतं. यंदा निदान थोडं तरी असू दे रे देवा, म्हटलं, आणि बाकीचं देवावर सोपवलं.

दुसरा दिवस : देवगावकडे

दौलताबादचा किल्ला उजवीकडे की डावीकडे होता ते मला आठवत नाही, कारण सुधीर दर मैलाला गाडी थांबवून पुलाखाली बघत होता. "ही नदी का?" "हो काका." "हं." पुढचा पूल. "ही?" "हीच, काका. वळून आली."

घाट चढून खुलताबाद, उतरून वेरूळ, मग कसाबखेड्यावरून पुढे. झाडांना पानं नव्हती आणि माळ भाजलेल्या पापडाच्या रंगाचा. मी कागद समोर असल्यासारखी बघत होते. हिरवा नाही, निळा पांढरट, बाकी सगळा एकच तपकिरी. मुलानं असं चित्र आणलं असतं तर रंगपेटी हरवली का म्हणून विचारलं असतं मी.

मुक्ता खिडकीला नाक लावून बसली होती. "काय सुंदर आहे!" ती म्हणाली.

"काय सुंदर आहे?" मी आणि सुधीर एकदम.

"सगळं दिसतंय. जमिनीची हाडं दिसतायत. आपल्याकडे झाडीत काही दिसतच नाही."

"हाडं दिसायला लागली की माणसाला दवाखान्यात नेतात," सुधीर म्हणाला. अमोल आरशातून मुक्ताकडे बघून हसला. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. आत्याचं कामच ते.

गावात उतरलो. आप्पा धोतर-टोपीत, पांढऱ्या मिशा पीळ दिलेल्या. अमोलची आई गयाबाई हातात तांब्या घेऊन दारात. पाय धुवायला त्यांनी आमच्या पायांवर धार धरली, आणि ती इतकी बारीक की पाय भिजायच्या आधी वाळत होते. मला मागच्या पेल्याची आठवण होती, मी मुकाट्यानं ओलं बोट घोट्याला लावून घेतलं.

"चहा मागनं घेऊ," आप्पा म्हणाले. "आदी बारव बघून घ्या."

"अहो, टेकू तर द्या त्यांना," गयाबाई म्हणाल्या.

"नाय नाय, आदी बारव," आप्पांना घाई झाली होती. "ऊन चढतंय. मंग पानी नीट दिसत नाय."

ऊन आणि पाणी दिसणं यांचा काय संबंध ते माझ्या लक्षात आलं नाही. अमोलही बापाकडे बघत राहिला. "पाणी?" तो म्हणाला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

बारव गावाच्या कडेला, कडुलिंबाच्या झाडांपलीकडे. वरून दिसतच नाही. जमीन संपते आणि पुढं एकदम पायऱ्या. चारी बाजूंनी उतरत गेलेल्या, काळ्या दगडाच्या, प्रत्येक टप्प्याला कोनाडे. आणि पार खाली, चौकोनी कुंडात, पाणी. उन्हाचा कवडसा पडून ते चमकत होतं.

"मे महिना!" सुधीर ओरडला. त्याचा आवाज खाली जाऊन परत आला. "ताई, मे महिन्यात पाणी! आप्पासाहेब, काय सुंदर विहीर आहे हो!"

"वाडवडलांचं पुन्य," आप्पा म्हणाले, आणि टोपी काढून कपाळ पुसलं.

मीही बघितलं. खरं सांगते, डोळे निवले. इतका वेळ सगळं तपकिरी बघितल्यावर तो हिरवट तुकडा. मी मनातल्या मनात ऐंशीच्या वर गेले होते. लिंबांखाली गावातल्या पंचवीस-तीस बाया हंडे, घागरी, पिंपं घेऊन उभ्या होत्या आणि आमच्याकडे टक लावून बघत होत्या. मुलगी बघायला अख्खं गाव लोटलंय, असा माझा समज झाला. मी मुक्ताचा पदर सारखा केला.

मुक्ता खालच्या पाण्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. कुंड भरलेलं म्हणजे कोनाडा पाण्याखाली. कोनाडा पाण्याखाली म्हणजे ती बाई पाण्याखाली. अमोल तिच्या बाजूला उभा होता आणि कान खाजवून खाजवून त्यानं तो लाल केला होता.

"पंधरा दिवसांपूर्वी..." तो म्हणाला.

"अमोल," आप्पा म्हणाले, "पावन्यास्नी घरी ने."

सुधीर सबंध वाटभर बोलत होता. मुहूर्त नोव्हेंबरचा की डिसेंबरचा, कार्यालय चिपळूणला की इथं. मुक्ता माझ्या शेजारून चालताना हळूच म्हणाली, "आत्या, बाबांना हवं होतं ते दिसलं. मला हवं होतं ते नाही दिसलं."

"अगं, होकार मिळाला ना! बाई काय, पुढच्या दुष्काळात बघ."

ती हसली नाही. माझंही बोलणं मला नंतर बरं वाटलं नाही.

त्याच दिवशी : जेवण

जेवण उत्तम होतं. पुरणपोळी, येळवणीची आमटी, कुरड्या, आमरस, आणि बाजूला ठेचा. आमच्याकडे आमटी म्हणजे आमटी, ही कटाची, काळ्या मसाल्याची, झणझणीत. मी दोनदा मागून घेतली. गयाबाई वाढता वाढता सारख्या दाराकडे बघत होत्या. मला वाटलं, आणखी पाहुणे यायचेत.

सुधीरनं तिसरी पोळी घेतली तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी घागर.

"आप्पा," ती म्हणाली, "पावन्यांचं बगून झालं का?"

आप्पांचा घास हातातच राहिला. "जा तू. येतो मी."

"जा काय? बाया कवाच्या ताटकळल्यात. अन् पानी खाली झिरपून चाललंय! एक पायरी उघडी पडली. आजचे दोनी टँकर त्यात वतले, आता लोकान्नी रातच्याला काय प्यावं?"

पंगतीत इतकी शांतता झाली की कुरडई मोडल्याचा आवाज आला. कुरडई माझी होती.

सुधीरनं हात धुतला नाही. उठला. "टँकर?"

आप्पाही उठले. "सायब, बसा. अन्नावरून उठू नगा."

"टँकर ओतलात विहिरीत? आम्हाला दाखवायला?"

"व्हय."

"आणि मला फोनवर म्हणालात, असतंय!"

"असतंय की! दुष्काळ नसंल तवा असतंय. माझ्या हयातीत तीन-चारदाच आटली ती." आप्पांचा आवाज चढला. "तुमी इचारलं, तवा नाय म्हनायला माझी जीभ उचलंना. सोयरीक व्हायची, अन् पैल्या बोलन्यात नाय? मंग गावाला इचारलं. टँकर रोज चौकातल्या टाकीत खाली व्हतो, म्हनलं आज बारवेत होऊ द्या, पावनं बगून गेले की उपसून घ्या. बाया व्हय म्हनल्या. लगीन हाय, व्हऊन जाऊ द्या म्हनल्या. आता परवाच गाळ काढलाय, म्हून तळ पानी धरंना, ते आमच्या ध्यानात आलं नाय."

"ही फसवणूक आहे!"

"फसवनूक?" आप्पा म्हणाले. "सायब, कोरडी हीर पावन्याला दाखवायची म्हंजी उघडं मानूस दाखवल्यागत वाटतं. बारव भरल्यावर कशी दिसती ते दाखवलं मी. तुमी बी पोरीला नटवूनच आनली की! ती रोज घरात पैठनी नेसून बसती व्हय?"

सुधीर माझ्याकडे बघायला लागला. पैठणी माझी कल्पना. मी आमटीकडे बघितलं.

"बाबा," मुक्ता म्हणाली. ती अजून पाटावरच होती. "मी इथं पाणी बघायला आलेच नव्हते."

"तू गप्प बस. अमोल, गाडी काढ. आम्ही निघतो."

पण अमोल जागेवर नव्हता. तो त्या घागरवाल्या बाईबरोबर केव्हाच बारवेकडे पळाला होता, आणि गाडीची किल्ली त्याच्या खिशात.

पुन्हा बारव

सुधीर बंद गाडीजवळ उभा राहिला. गाडी उन्हात, दाराला हात लावला तर चटका बसला. तो थोडा वेळ ताठ उभा राहिला, अपमान झालेल्या माणसानं राहावं तसा. मग डोकं तापलं म्हणून लिंबाच्या सावलीत आला. लिंबं बारवेच्या काठावर. अशा रीतीनं तो पुन्हा बारवेवर आला, आणि त्याच्या मागोमाग मी.

खाली धांदल उडाली होती. पाणी घसरत होतं आणि त्याच्या मागं बाया उतरत होत्या. वरच्या पायरीपासून खालपर्यंत साखळी लागली होती. भरला हंडा वर, रिकामा खाली, हातोहात. पार खाली, पाण्यातल्या एका पायरीवर गुडघाभर बुडालेला अमोल, पँट वर दुमडलेली. आणि त्याच्या वरच्या पायरीवर, पैठणीचा काष्टा घातलेली मुक्ता. मला न विचारता. पैठणीला!

"कर्म माझं," मी म्हटलं, आणि चपला काढून उतरले. मला मधल्या टप्प्यावर उभं केलं. माझ्या एका बाजूला गयाबाई, एका बाजूला ती घागरवाली.

"आत्याबाई, तुमी कामून?" गयाबाई म्हणाल्या.

"बघत काय राहायचं नुसतं? द्या इकडे."

हंडा हातात आला की कळतं, दुष्काळ किती जड असतो ते. आमच्याकडे मी कधी भरला हंडा उचलला नाही, पंप आहे. आप्पा काठावर उभं राहून कुणाचं पिंप कुठं ते सांगत होते, आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. सुधीर त्यांच्यापासून दहा हात लांब, पाठ करून उभा. एक म्हातारी धापा टाकत वर आली, आणि तिनं समोर जो हात दिसला त्यात हंडा दिला. "धरा की, पावनं." तो हात सुधीरचा होता. त्यानं धरला. सोडला असता तर सांडलं असतं. मग त्यानं तो पिंपात नेऊन ओतला, आणि परत येईपर्यंत दुसरा तयार होता. रागावलेला चेहरा तसाच ठेवून तो पाणी ओतत राहिला.

पाणी उतरत गेलं. आधी कोनाड्याची कमान उघडी पडली, मग तो वर उचललेला तुटका हात, मग डोकं, खांदे. मुक्ता थांबली. तिच्या हातात रिकामी कळशी होती, ती तशीच राहिली. अमोल कोनाड्याच्या बाजूला सरकला, तिला दिसावं म्हणून.

ती रडतेय हे मला वरून कळलं. हसतही होती.

"आली का बया वर?" गयाबाई म्हणाल्या, आणि साखळी आपोआप थांबली. पाणी आता वाटीवाटीनं भरण्याइतकंच उरलं होतं. बाया पायऱ्यांवर बसल्या, पदरानं मानेचा घाम पुसत.

मी खाली गेले. जवळून फोटोपेक्षा वाईट. चेहरा गेलेला, हात खरंच लांब, एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाला लावलेला. रेषेला तीसपैकी बारा. पण ओल्या काळ्या दगडावर ऊन तिरकं पडलं होतं, आणि मला त्या बाईवरून डोळे काढता येईनात. याचे मार्क कुठल्या रकान्यात घालायचे ते मला समजलं नाही.

"ही आहे कोण?" मी विचारलं.

"दळतीया ती," घागरवाली म्हणाली. "खुंटा धरल्याला हात हाय."

"दळायला उभी ऱ्हाती व्हय कुनी?" गयाबाई. "डोक्यावरला हंडा सावरतीया. बगा ना हात."

"हंडा नाय न् काय नाय," वरून ती म्हातारी ओरडली. "ढगाला हाका मारतीया. माझ्या सासूनं सांगितलंय."

"मला लहानपणी वाटायचं की ती मला मारायला येतेय," अमोल म्हणाला. "मी तेव्हा शाळा बुडवली होती."

मी मुक्ताला म्हटलं, "तू यातली शिकलेली. काय होतं गं तिच्या हातात?"

मुक्तानं त्या तुटक्या मनगटावरून बोट फिरवलं. "काहीतरी होतं, आत्या. नक्की होतं. ज्यानं कोरलं त्याला माहीत होतं. आता नाही कळणार."

"मग या सगळ्यांतलं बरोबर कुणाचं?"

"कदाचित सगळ्यांचं चूक असेल," ती म्हणाली आणि अमोलकडे बघितलं. "पण बघितलंय सगळ्यांनी नीट."

सुधीर मधल्या टप्प्यापर्यंत आला होता. हातात रिकामा हंडा, सदरा भिजलेला. गयाबाईंनी त्याला बघितलं. त्या पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, झालं ते झालं. आमचं चुकलं. पर एवढे खाली आलात, तर हिला बगून जा. तुमाला काय दिसतीया ते तरी सांगा."

"मला यातलं काही कळत नाही," सुधीर म्हणाला.

"कळायचं काय त्यात? बगायचं."

तो उतरला. मुक्तानं बाजूला होऊन त्याला जागा दिली. त्यानं चष्मा काढला, ओल्या सदऱ्याला पुसला, तो आणखी खराब झाला, तसाच घातला. बराच वेळ उभा राहिला. वर आप्पा काठाशी येऊन वाकून बघत होते.

"सासरी चाललीय," सुधीर म्हणाला. त्यानं खाकरून पुन्हा सांगितलं. "पोरगी सासरी चाललीय. थोडं पुढं गेलीय, आणि मागं वळून बघतेय. हात दाखवतेय."

"बाबा," मुक्ता म्हणाली, आणि त्याच्या ओल्या बाहीला कपाळ लावून उभी राहिली. त्यानं हंडा या हातातून त्या हातात घेतला आणि मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

गयाबाईंनी डोळे पुसले, मान वर केली आणि काठावर बघून हाक मारली, "अहो! बगत काय बसलात? साखर आना!"

आप्पा टोपी सावरत पळाले. बाया हसायला लागल्या, कुणी हंडे उचलले, कुणी मुक्ताच्या पैठणीचा काठ पिळून दिला.

सगळे वर गेल्यावर मी मागं राहिले आणि पुन्हा एकदा अगदी जवळ जाऊन बघितलं. जन्माची सवय आहे. मान वळलेली नव्हती. मान सरळच होती, एका बाजूचा दगड तेवढा उडालेला होता. वर सुधीरच्या तोंडात गयाबाई साखर घालत होत्या. मी वर गेले, माझी चिमूट घेतली आणि कुणाला काही सांगितलं नाही.